खडकावरील तारामासे : किनाऱ्याच्या जीवसमाजावरील एका प्रयोगाचा अभ्यास

परिसर अभ्यासाच्या तासाला प्राण्यांची ओळख करून देताना आपण बहुधा फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात उपयुक्त प्राणी, दुसऱ्यात उपद्रवी प्राणी. गाय, बैल, मधमाशी, गांडूळ यांची नावे पहिल्यात जातात. उंदीर, टोळ, लांडगा, कोल्हा यांची दुसऱ्यात. ही वाटणी दिसावयास सुबक असते आणि मुलांच्या चटकन पाठ होते. परंतु वर्गातील एखादा चौकस मुलगा उठून विचारतो, "गुरुजी, सगळे लांडगे मेले तर बरेच होईल ना?" अशा वेळी त्या रकान्यांतून समाधानकारक उत्तर निघत नाही. वरच्या इयत्तेत आपण अन्नसाखळी शिकवितो. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्यास बेडूक, बेडकास साप, सापास घार. एक कडी तुटली की सारी साखळी तुटते, असेही आपण सांगतो. हे विधान पाठ्यपुस्तकात असते म्हणून आपण ते सांगतो. पण एखादी कडी मुद्दाम काढून पुढे काय होते ते कोणी पाहिले आहे काय, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो.

हा प्रश्न ज्यांच्या मनात आला आणि ज्यांनी त्याचे उत्तर पुस्तकात न शोधता समुद्रकाठच्या खडकावर शोधले, अशा एका शास्त्रज्ञाच्या कार्याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे. त्यांचे नाव रॉबर्ट पेन. त्यांचा जन्म १९३३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला व मृत्यू २०१६ साली. त्यांच्या ज्या प्रयोगाचे वर्णन पुढे येईल, त्याला प्रयोगशाळा लागली नाही. एक लोखंडी पहार, एक वही आणि वर्षानुवर्षे त्याच जागी परत जाण्याची चिकाटी, एवढीच त्याची सामग्री. ज्या शाळेत विज्ञानाच्या साहित्याची पेटी अर्धी रिकामी आहे, तेथील शिक्षकास ही गोष्ट विशेष विचार करण्याजोगी वाटेल.

प्रयोगाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पेन हे मिशिगन विद्यापीठात संशोधन करीत असताना तेथील प्राध्यापकांत एका प्रश्नाची चर्चा चालू होती. पाने खाणारे कीटक व प्राणी एवढे असंख्य असताना पृथ्वी हिरवी कशी राहते? झाडे ओरबाडून बोडकी का होत नाहीत? हेअरस्टन, स्मिथ व स्लोबॉडकिन या तिघांनी १९६० साली एक निबंध प्रसिद्ध करून असे प्रतिपादन केले की, पाने खाणाऱ्यांची संख्या त्यांना खाणारे प्राणी आटोक्यात ठेवतात, म्हणून पृथ्वी हिरवी राहते. त्या काळी विचाराची सर्वसाधारण दिशा याच्या उलट होती. गवत किती, यावर हरणे किती हे ठरते आणि हरणे किती, यावर वाघ किती हे ठरते, म्हणजे सत्ता खालून वर चालते, असे मानले जाई. वरूनही खाली सत्ता चालते, हा नवा विचार होता. तो तर्काने पटण्याजोगा होता, पण त्याला कसोटी लावावयाची कशी? अरण्यातील सारे वाघ काढून टाकून वाट पाहणे कोणाला शक्य आहे? पेन यांना लहान, आटोपशीर आणि वारंवार पाहता येईल असे एखादे जग हवे होते.

ते जग त्यांना समुद्रकाठी सापडले. १९६२ साली ते सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी ऑलिंपिक द्वीपकल्पाच्या टोकाशी, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर, मुकॉ उपसागराचा खडकाळ भाग त्यांच्या पाहण्यात आला. हा प्रदेश मकॉ नावाच्या मूळ रहिवाशांच्या राखीव भूमीत येतो.

आपल्या जिल्ह्यात समुद्र न पाहिलेली मुले घाटाच्या बाजूच्या शाळांत आजही भेटतात. म्हणून अशा खडकाचे वर्णन थोडे विस्ताराने करावे लागेल. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा जो किनाऱ्याचा पट्टा, त्यात राहणाऱ्या जीवांना दिवसातून दोनदा समुद्रात आणि दोनदा उन्हावाऱ्यात राहावे लागते. पट्ट्याचा वरचा भाग बराच वेळ कोरडा असतो, खालचा भाग थोडाच वेळ. त्यामुळे खडकाकडे दुरून पाहिले तरी त्यावर रंगांचे आडवे पट्टे दिसतात. आपल्याकडे घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेघा उमटतात तसे हे पट्टे, पण प्रत्येक पट्टा म्हणजे निराळ्या जीवांची वस्ती. खडकाला घट्ट चिकटलेले, चुन्याच्या कवचाचे, लहानशा ज्वालामुखीच्या आकाराचे बार्नकल. टोपीच्या आकाराच्या शंखाचे लिंपेट. पाठीवर आठ पट्ट्या असलेले चपटे कायटन. निरनिराळ्या रंगांची शैवाले. पाकळ्यांसारखे हात पसरून बसलेली समुद्रपुष्पे. आणि दोन शिंपांत राहणारी काळसर निळी शिनाणी.

शिनाणी कोकणातल्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. मुकॉ येथील शिनाणी निराळ्या जातीची असली तरी त्यांचा राहण्याचा प्रकार तोच. अंगातून चिवट धागे काढून ती खडकाला बांधून घेतात, पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खातात आणि एकमेकींना खेटून, एकीवर एक चढून दाट थर करतात.

या सर्वांचा भक्षक म्हणजे तारामासा. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, पर नाहीत. त्याच्या हातांच्या खालच्या बाजूस शेकडो नळीसारखे पाय असतात. त्यांनी तो शिंपले धरून ठेवतो, आणि दोन शिंपांमध्ये बारीकशी फट मिळाली की आपले जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीतून आत घालतो व शिंपल्यातच जीव पचवितो. मुलांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना ती राक्षसाच्या कथेपेक्षा अधिक रंजक वाटते, असे लक्षात येईल. मुकॉ येथील तारामासा जांभळ्या किंवा नारिंगी रंगाचा असून त्याचे शास्त्रीय नाव पिसास्टर ओक्रेशिअस असे आहे.

पेन यांनी प्रथम एक साधे काम केले. तारामासे उलटे करून ते काय खात आहेत हे पाहिले आणि मोजले. अशा एक हजाराहून अधिक नोंदी झाल्या. मोजणीत बार्नकल सर्वांत पुढे होते. परंतु बार्नकल आकाराने अगदी लहान. पोटात जाणाऱ्या अन्नाचा हिशेब केला तेव्हा कायटन व शिनाणी यांचाच वाटा मोठा निघाला. हे उदाहरण गणिताच्या तासालाही उपयोगी आहे. पाच रुपयांची दहा नाणी आणि शंभराची एक नोट यांत संख्येने अधिक काय व मोलाने अधिक काय, हे मूल ज्या दिवशी ओळखते त्या दिवशी त्याला मोजण्याचा अर्थ समजू लागतो.

यानंतर जून १९६३ मध्ये मुख्य प्रयोगास आरंभ झाला. खडकाचा सुमारे आठ मीटर लांब व दोन मीटर उंचीचा एक भाग त्यांनी निवडला. त्या भागावरील प्रत्येक तारामासा त्यांनी पहारीने उचकटून काढला आणि हाताने दूर समुद्रात फेकून दिला. शेजारचाच तसाच एक भाग निवडून त्यास हातही लावला नाही. दर भेटीत दोन्ही भागांवरील जीवांची गणना करावयाची, पहिल्या भागावर परत आलेले तारामासे पुन्हा फेकावयाचे आणि घरी जावयाचे. सिॲटलपासून ही जागा कित्येक तासांच्या अंतरावर. तरीही उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा व हिवाळ्यातही महिन्यातून एकदा ते तेथे जात राहिले.

येथे शिक्षकांनी थांबावे. पुढे काय झाले हे सांगण्यापूर्वी मुलांना अंदाज करावयास सांगावे व तो अंदाज प्रत्येकाच्या वहीत लिहून घ्यावा. बहुतेक मुले सरळ विचार करतील: खाणारा गेला, म्हणजे ज्यांना तो खात होता ते सारे सुखी झाले, सर्वांची संख्या वाढली. हा विचार चुकीचा म्हणून खोडून काढू नये. तो तर्कास धरून आहे, आणि अनेक जाणत्या माणसांनीही तोच केला असता.

खडकावर घडले ते निराळेच. आरंभीच्या तीन महिन्यांत बार्नकल झपाट्याने पसरले आणि सप्टेंबरपर्यंत त्यांनी मोकळ्या झालेल्या जागेपैकी साठ ते ऐंशी टक्के जागा व्यापली. एवढ्यावर प्रयोग थांबविला असता तर मुलांचा अंदाज खरा ठरला असता. पण पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत बार्नकलांना लहान, भराभर वाढणारी शिनाणी दाबून टाकू लागली. शिनाण्यांची वाढ तशीच चालू राहिली. शैवालांना टेकावयास जागा उरेना, तेव्हा ती एकेक करून नाहीशी झाली. शैवाले गेली तेव्हा ती खरवडून खाणारे कायटन व मोठे लिंपेट हेही गेले. त्यांना ना जागा उरली, ना अन्न. समुद्रपुष्पे कमी झाली. एका जातीचा स्पंज गेला आणि त्या स्पंजावर जगणारी समुद्रगोगलगायही गेली. आरंभी त्या खडकावर पंधरा जातींचे जीव मोजले गेले होते; पेन यांनी १९६६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्यांतील आठच उरल्या होत्या. शेजारच्या, हात न लावलेल्या भागावर असा फरक झाला नाही.

या निष्कर्षातील मर्म नीट पाहावे. कायटन हे तारामाशाचे आवडते भक्ष्य. तारामासा गेल्यावर त्यांचा एक शत्रू नाहीसा झाला, तरी कायटन टिकले नाहीत. शैवालास तर तारामासा कधी तोंडही लावीत नव्हता, तीही गेली. याचे कारण असे की, त्या खडकावर खरी टंचाई अन्नाची नव्हती, जागेची होती. जागेच्या झगड्यात शिनाणी सर्वांना भारी पडत. तारामासा शिनाण्यांना खाऊन खडकावर सतत लहान लहान मोकळ्या जागा करीत होता, आणि त्या जागांवर इतरांचे संसार उभे राहत होते. तो इतरांचा रक्षक होण्याच्या हेतूने हे करीत नव्हता, हे मुलांना स्पष्ट सांगावे. त्याला भूक लागत होती, एवढेच. आपल्या पाठ्यपुस्तकांत व विशेषतः आपल्या बोलण्यात प्राण्यांना सद्हेतू चिकटविण्याची जी सवय आहे, ती विज्ञानाच्या तासापुरती तरी सोडावी.

आणखी एक गोष्ट. तारामाशाला फार काळ पाण्याबाहेर राहता येत नाही, म्हणून खडकाच्या वरच्या भागापर्यंत तो पोहोचत नाही. तेथे शिनाण्यांचा दाट पट्टा पूर्वीपासूनच होता आणि त्याची खालची कड एखाद्या सुतारी रेघेसारखी सरळ दिसे. ती रेघ कोणी आखली, याचे उत्तर आता मिळाले. तारामासे काढल्यावर ती रेघ खाली सरकू लागली. अशा रेघा भौतिक कारणांनीच, म्हणजे ऊन व पाणी यांनीच आखलेल्या असतात असे नाही, हे जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञानेही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दाखविले होते. एका जातीचे बार्नकल खरवडून काढताच दुसऱ्या जातीचे बार्नकल खालच्या भागातही वाढू शकतात, हे त्याचे निरीक्षण १९६१ साली प्रसिद्ध झाले. खडक तोच, पाणी तेच. अडविणारा शेजारी होता.

एका जागी घडलेली गोष्ट दुसरीकडेही घडेलच असे नाही. पेन यांना याची जाणीव होती. १९६८-६९ मध्ये ते न्यूझीलंडमध्ये होते, तेव्हा ऑकलंडजवळच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. तेथील तारामासा निराळा, शिनाणी निराळी, समुद्रही निराळा. तरी नऊ महिन्यांत शिनाणी खाली सरकू लागली आणि खडकावरील इतर वीस जातींपैकी सहा नाहीशा झाल्या. न्यूझीलंडमधील ही शिनाणी पेर्ना या वंशातील आहेत आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरील हिरव्या शिंपेची शिनाणीही त्याच वंशातील आहेत. म्हणजे या कथेतील एक पात्र तरी आपल्या रत्नागिरी-मालवणच्या बाजारात टोपलीत बसलेले असते.

१९६९ साली पेन यांनी अशा जातीस एक नाव दिले. दगडी कमान बांधताना माथ्यावर मधोमध पाचरीच्या आकाराचा एक दगड बसवितात. तो बसेपर्यंत कमानीला लाकडी आधार लागतो; तो बसला की आधार काढून घेता येतो, आणि तो निखळला तर कमान ढासळते. इंग्रजीत त्या दगडास कीस्टोन म्हणतात. त्यावरून पेन यांनी अशा जातीस कीस्टोन जाती म्हटले. मराठीत तिला कळीची जाती म्हणता येईल. (येथे जाती हा शब्द प्राणिशास्त्रातील अर्थाने, म्हणजे परस्परांत प्रजोत्पादन करणाऱ्या जीवांचा एक प्रकार या अर्थाने वापरला आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे.) जुन्या वाड्याची कमान किंवा देवळाचा कोनाडा गावात असेल तर मुलांना तेथे नेऊन तो मधला दगड दाखवावा. चित्रापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मात्र उपमेच्या मर्यादा असतात. कमान ढासळली की दगडांचा ढीग उरतो. मुकॉच्या खडकावर ढीग उरला नाही. खडक शिनाण्यांनी गच्च भरलेला होता. शिवाय शिनाण्यांच्या थरांच्या फटींत शेकडो जातींचे बारीक जीव राहतात, हे पुढे पेन यांच्याच एका विद्यार्थ्याने दाखविले. पेन यांनी जी गणना केली ती खडकाची जागा धरून राहणाऱ्या मोठ्या जीवांची होती. सजीवांचा नाश झाला, असे मोघम सांगण्यापेक्षा कशाची मोजणी केली आणि ती कितीवरून कितीवर आली, हे सांगणे नेहमी बरे.

या प्रयोगाची फळे इतरत्र कशी आली, याचे एकच उदाहरण देतो. अलास्काच्या पश्चिमेस अल्यूशन बेटांची लांबलचक माळ आहे. तेथील समुद्रात राहणाऱ्या पाणमांजरांची त्यांच्या मऊ कातड्यासाठी अठराव्या शतकापासून इतकी कत्तल झाली की, १९११ साली आंतरराष्ट्रीय करार होऊन शिकारीस बंदी झाली तेव्हा ती जागोजागी थोडीशीच शिल्लक होती. पुढे काही बेटांजवळ ती पुन्हा वाढली, काही बेटांजवळ आलीच नाहीत. १९७१ साली ॲमचिट्का बेटावर जेम्स एस्टेस नावाचा तरुण संशोधक केल्प या प्रचंड शैवालाचा पाणमांजरांना काय आधार मिळतो याचा विचार करीत होता. तेथे आलेल्या पेन यांनी त्याला प्रश्न उलटा करून पाहावयास सुचविले: पाणमांजरांमुळे केल्पचे काय होते? एस्टेस व पामिसानो यांनी पाणमांजरे असलेल्या ॲमचिट्काची तुलना ती नसलेल्या शेम्या बेटाशी केली. शेम्याच्या समुद्रतळावर काटेरी चेंडूसारखे समुद्र-अर्चिन पसरलेले होते आणि केल्प जवळजवळ नव्हते. ॲमचिट्काजवळ पाणमांजरे अर्चिन खात होती व पाण्याखाली केल्पचे रान उभे होते. त्यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. वरच्या भक्षकाचा परिणाम असा पायरी-पायरीने खाली उतरत जातो. धबधब्याच्या ओघळीसारख्या या क्रमास पेन यांनी १९८० साली नावही दिले. शेम्याजवळ पाणमांजरे मुद्दाम कोणी काढली नव्हती. माणसाच्या लोभाने तो प्रयोग आधीच करून ठेवला होता.

आता एका गैरसमजाविषयी. पेन यांचा शोध सांगताना शिक्षक पुष्कळदा असा अर्थ काढतात की निसर्गात प्रत्येक जीव सारखाच महत्त्वाचा आहे. हे वाक्य कानास गोड लागते. पण पेन यांनी जे दाखविले ते जवळजवळ याच्या उलट आहे. मुकॉजवळच्याच टाटूश बेटावर, मकॉ लोकांच्या अनुमतीने, त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे अनेक दशके काम केले. तेथे शैवाल खाणाऱ्या सात जातींचा प्रत्येकी किती प्रभाव पडतो हे त्यांनी मोजले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत बहुतेकांचा प्रभाव क्षीण निघाला, थोड्यांचाच प्रबळ. म्हणजे अन्नजाळ्याच्या चित्रात सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या काढल्या जातात, त्या प्रत्यक्षात तशा नसतात. कोणती रेघ जाड, हे प्राण्याच्या आकारावरून किंवा संख्येवरून ओळखता येत नाही. काढून पाहिल्यावरच कळते. आणि तीच जातीही सर्वत्र सारखी वागत नाही. ओरेगनच्या किनाऱ्यावर लाटांचा मारा असलेल्या खडकांवर हाच तारामासा फार प्रभावी आढळला, पण लाटांपासून आडोसा असलेल्या जागी त्याचा प्रभाव बराच कमी होता, असे १९९४ साली ब्रूस मेंज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. म्हणूनच प्रत्येक गावात वाघ किंवा घार ही कळीची जाती असे फळ्यावर लिहिणे घाईचे होईल. मग जे जीव क्षीण ठरले ते निरुपयोगी काय? असे म्हणण्याचाही अधिकार आपणास नाही. कोणाची कडी केव्हा जड ठरेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि म्हणूनच आपल्या त्या दोन रकान्यांत नावे लिहिताना खडू थोडा थबकावा.

२०१३ सालापासून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत, तारामाशांत एक भयंकर रोग पसरला. त्यांचे हात गळून पडत व शरीर विरघळल्यासारखे होई. पिसास्टरही त्यातून सुटला नाही. पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने आठ मीटर खडकावर पहारीने जे केले, ते रोगाने हजारो किलोमीटर किनाऱ्यावर केले. पेन यांच्या जुन्या नोंदी हाताशी होत्या म्हणून, हे पाहणाऱ्यांना कोणत्या खडकावर कशाची वाट पाहावयाची हे ठाऊक होते.

वर्गात याचा उपयोग कसा करावा, याविषयी काही सूचना. किनाऱ्यालगतच्या शाळांनी मुलांना खडकावर न्यावे, पण तेथील एकही जीव काढू नये; पेन यांच्या प्रयोगाची नक्कल अपेक्षित नाही, पाहणी व मोजणी पुरेशी आहे. वेळ ठरविताना कोळ्यांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. तृतीयेला तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि त्याआधी सुमारे सहा तास, सकाळी आठच्या सुमारास, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या दोनतीन दिवसांत उधाण असल्यामुळे ओहोटीही मोठी असते व खडक खालपर्यंत उघडा पडतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारी सोयीची येते खरी, पण तो भांगाचा काळ. खडक फारसा उघडत नाही. दिवाळीनंतरचे महिने निवडावेत, पावसाळ्यात कदापि जाऊ नये. पाणी वळण्याच्या आत मुलांना वर आणावे, शेवाळलेल्या कातळावर धावू देऊ नये, आणि शंकूच्या आकाराचे जिवंत शंख हातात घेऊ देऊ नयेत; त्यांतील काहींचा दंश विषारी असतो. गावातील एखादी कालवे काढणारी बाई बरोबर असेल तर उत्तम. कोणता जीव खडकावर कोठे असतो हे तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि मुलांना ते तिच्या तोंडून ऐकू द्यावे. सुतळीचा एक हात लांब-रुंद चौकोन खडकाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांत ठेवून प्रत्येकात कोणते जीव व किती हे लिहून घ्यावे. नाव ठाऊक नसेल तर आकृती काढावी. मुलांनी दिलेले नावही चालेल, मात्र वर्षभर तेच वापरावे.

समुद्रापासून दूरच्या शाळांनी हाच विचार गवतावर करून पाहावा. शाळेच्या आवाराजवळ जेथे गुरे-शेळ्या चरतात अशा जागी, जून महिन्यात गवत उगवण्याच्या सुमारास, एक मीटर लांब-रुंदीचे दोन चौकोन शेजारी-शेजारी आखावेत. एकास बाभळीच्या काट्यांचे भक्कम कुंपण घालावे, दुसरा उघडा ठेवावा. दोन्हींची माती, उतार व ऊन शक्य तितके सारखे असावे. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक चौकोनातील वनस्पतींचे निरनिराळे प्रकार मोजावेत. कुंपणाच्या आत गवत उंच होईल हे सर्वांना दिसेलच. मोजावयाचे आहे ते प्रकारांचे. ते वाढले की घटले, याचा अंदाज पहिल्या दिवशी लिहून घ्यावा आणि शिक्षकाने आपला अंदाज मुलांना सांगू नये. एका जोडीवरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून केंद्रातील चार-पाच शाळांनी एकाच आठवड्यात आरंभ करून आपापले आकडे केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकत्र मांडावेत. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर ते जुळविण्याचा प्रयत्न करू नये. कोणत्या शाळेत शेळ्या अधिक, कोठे पाणी साचते, याची चौकशी मुलांकडूनच करवावी.

नोंदवहीच्या प्रत्येक पानावर तारीख, तिथी, पाऊस झाला किंवा नाही, मोजणाऱ्या मुलांची नावे आणि दोन्ही चौकोनांचे आकडे असावेत. कुंपण मोडून शेळी आत शिरली तर तेही तारखेसह लिहावे. वर्ष संपल्यावर वही मुलांबरोबर घरी जाऊ देऊ नये. ती शाळेच्या कपाटात ठेवून पुढील जूनमध्ये नव्या वर्गाच्या हाती द्यावी व चौकोनही त्याच जागी ठेवावेत.